सोन्याच्या दोन वाटक्या



मागच्या महिन्यात कॅलिफोर्नियातून नणंदेचा फोन आला. तिकडचं नागरिकत्व मिळून वर्षही झालं नाही आणि घरी पत्र आलं, ज्युरी ड्यूटीसाठी अमुक तारखेला कोर्टात हजर राहा. मुली तीन वर्षांच्या, त्याही जुळ्या. नवरा टूरवर, ऑफिसात नवीन प्रोजेक्ट. "वहिनी, मी मुलींना ठेवू कुठे? कोर्टात नेऊ का?"

आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर ते पत्र वाचून काढलं. तारीख पुढे ढकलून मागता येते. लहान मूल सांभाळायला दुसरं कुणीच नसेल तर तसं लिहून सूटही मागता येते. या कारणासाठी कंपनी कामावरून काढू शकत नाही. तरी ती वैतागलेलीच. मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या पत्रावर निदान अडचण लिहायला जागा तरी आहे!" कारण त्याच आठवड्यात मी माझी कोर्टाची तिसरी तारीख आटोपून घरी आले होते.

"पण इंडियात कुठे ज्युरी असते?" ती म्हणाली. बरोबर आहे. 'रुस्तम' सिनेमा पाहिलेल्यांना तो नानावटी खटला आठवत असेल. १९५९ साली मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. आपल्या माणसांना खरं तर त्याही आधीची ज्युरी आठवायला हवी. १९०८ मध्ये टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवणारी. त्यातले सात युरोपियन होते, दोन पारशी. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी, आणि खटला चालला तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर. ती भाषांतरं चुकीची आहेत हे टिळक भर कोर्टात सांगत राहिले. आज आपल्या देशात ज्युरीसारखं काही उरलंय ते पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या कोर्टात. तिथे न्यायाधीशांसोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. नवसारी-उदवाड्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे माहीत असलेलं बरं.

पण ज्युरी गेली म्हणून तुम्ही-आम्ही सुटलो असं नाही. आपल्याकडे पंच आहे. पोलिसांनी झडती घ्यायची तर त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला हवेत, असं जुन्या संहितेच्या कलम १०० मध्ये होतं आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्येही आहे. लेखी आदेश दिल्यावर योग्य कारणाशिवाय नाही म्हटलं तर तो गुन्हा ठरतो. रहिवाशाच्या कडेवर मूल असेल तर काय, याबद्दल कलमात काही नाही.

गोष्ट २०२२ च्या श्रावणातली. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एका वहिनींचं घर फुटलं. त्या माहेरी धुळ्याला गेल्या होत्या. मंगळसूत्र, पैंजण आणि एक जुना मोबाइल गेला. आठ-दहा दिवसांनी दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास सेक्रेटरींचा मुलगा वर आला, "आंटी, पोलीस आलेत, पंच म्हणून दोन माणसं पाहिजेत. पप्पा म्हणाले तुम्ही घरीच असता."

घरीच असता! सचिनमध्ये त्या वेळी घरी कोण असतं? पुरुषमाणसं जीआयडीसीत, मिलच्या नाहीतर सेझमधल्या हिऱ्यांच्या कामावर. माझा नवरा डाइंग मिलमध्ये, त्याची पहिली पाळी. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, म्हणजे लोकांच्या हिशोबाने रिकामी. दीड वाजता क्लायंटचा कॉल होता, मोठा सीनियर केजीतून यायचा होता, धाकटी दीड वर्षाची, कडेवर. मॅनेजरला मेसेज टाकला आणि तशीच खाली उतरले. दुसरे पंच गेटसमोरचे किराणावाले काका. ते दुकान पोरावर सोपवून आले होते आणि दर दोन मिनिटांनी तिकडे बघत होते.

पकडलेला मुलगा वीस-एकवीसचा असेल. त्याने आमच्या देखत सांगितलं की माल पंपरूमच्या मागे पत्र्याखाली ठेवलाय. आम्ही सगळे तिकडे गेलो. पत्रा निघाला, पिशवी निघाली. मग एकेक वस्तू मोजणं, वर्णन लिहिणं, कापडात गुंडाळणं, लाखेचं सील, आणि सीलखाली आमच्या सह्यांच्या चिठ्ठ्या. सिनेमात हे दहा सेकंदांत होतं. आम्हाला पावणेदोन तास लागले. मध्ये धाकटीने भोकाड पसरलं, तेव्हा वर जाऊन तिची दुधाची बाटली घेऊन आले. पाच-सात मिनिटं गेली असतील. हे लक्षात ठेवा.

पंचनामा गुजरातीत. मी इथेच लहानाची मोठी झाले, पण शाळा मराठी आणि नंतर इंजिनिअरिंग इंग्रजीत. गुजराती बोलते फाडफाड, वाचते मात्र बोट ठेवून. काकांनी झटकन सही करून दुकान गाठलं. मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही करणार नाही. हवालदारांनी सुस्कारा सोडला, पण कागद दिला. आणि बरं झालं, कारण त्यात लिहिलं होतं, 'सोनानी वाटकी नंग बे'. सोन्याच्या दोन वाटक्या! वहिनींनी तक्रारीत मंगळसूत्राच्या 'दोन वाट्या' सांगितल्या होत्या आणि लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे वाटक्या लिहिल्या होत्या. पिशवीतून निघालेल्या वस्तूंचं वर्णन मग तक्रारीशी जुळवून तसंच उतरलं होतं. मी माझं मंगळसूत्र दाखवून समजावलं, यांना आम्ही वाट्या म्हणतो, यात काही खायचं नसतं. हवालदार हसले. दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. पिशवी आरोपीने स्वतःच्या हाताने काढून दिली असं लिहिलं होतं. त्याने जागा दाखवली होती हे खरं, पण पत्र्याखाली हात घातला होता एका शिपायाने. मी तसं सांगितलं. थोडी कुरकुर झाली, "बेन, एमां शुं फरक पडे?" पण वाक्य बदललं. धाकटीने तोवर दोनदा कागद ओढला होता. मी सही केली, वर जाऊन पाहिलं तर क्लायंटचा कॉल माझ्याशिवाय संपला होता आणि मोठा शेजारच्या बेनकडे ढोकळा खात बसला होता.

तीन वर्षं काहीच नाही. २०२५ मध्ये समन्स आलं.

आता कंपनीत रजा टाकायची. आमच्या पोर्टलवर रजेची कारणं निवडायची यादी आहे. लग्न, आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, अगदी वाढदिवसही आहे. कोर्ट नाही. मॅनेजर भला माणूस, पण पहिला प्रश्न हाच, "तुझ्यावर केस आहे का?" शेवटी साधी कॅज्युअल लीव्ह. बाकी सगळं माझं मीच जमवायचं.

पहिल्या तारखेला सासूबाईंना अमळनेरहून बोलावून घेतलं. ताप्ती लाइनच्या गाडीने त्या आदल्या रात्री उधन्याला उतरल्या, सोबत दोन किलो कळण्याचं पीठ. सकाळी अकराला मी कोर्टात. कोर्टाचं नाव घेत नाही, आणि नावाने काही फरक पडेल असंही वाटत नाही. दुपारी तीनला कळलं की साहेब रजेवर आहेत. दुसऱ्या तारखेला सासूबाईंच्या भावाचं ऑपरेशन, त्यामुळे त्या येऊ शकल्या नाहीत. नवऱ्याची रात्रपाळी होऊन तो सकाळी आठला घरी आलेला, मोठ्याला शाळेत सोडून आडवा झाला. झोपलेल्या माणसाच्या भरवशावर साडेचार वर्षांच्या पोरीला ठेवायला मन होईना, म्हणून तिला सोबत नेलं. डबा, पाण्याची बाटली, रंगाच्या पेन्सिली. संध्याकाळी आमचं रिलीज होतं म्हणून लॅपटॉपही. व्हरांड्यातल्या बाकावर मी मोबाइलच्या नेटवर बिल्ड बघत होते आणि ती भिंतीशी बसून एका अनोळखी आजीबाईंना आपला डबा दाखवत होती. त्या आजीबाईही साक्षीलाच आल्या होत्या, म्हणे पाचव्यांदा. दोनच्या सुमाराला पुकारा झाला. आत गेले तर आरोपीच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली होती. मिळाली.

साक्षीदाराला अशा फेऱ्या माराव्या लागतात, बसायला जागा मिळत नाही, मग चांगली माणसं साक्षीला येईनाशी होतात, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात फार कडक शब्दांत सांगून ठेवलंय. मी ते त्या बाकावरच मोबाइलवर वाचलं. फौजदारी कोर्ट साक्षीदाराला वाजवी खर्च देण्याचा हुकूम करू शकतं, हेही तिथेच कळलं. मागायचं कसं ते विचारायला पोरीला कुणाच्या हाती देऊन जाऊ, म्हणून राहिलं. आता नव्या कायद्याने झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायचं आहे आणि साक्ष व्हिडिओ कॉलवरही होऊ शकते. माझं काम नेमकं जुन्या काळात अडकलेलं.

तिसऱ्या तारखेला शेजारच्या बेन देवासारख्या धावून आल्या. "तमे जाओ, छोकरी मारी पासे रहेशे." त्यांच्याकडे पोर ठेवून मी एकटी गेले आणि साक्ष झाली. शपथ गीतेवर हात ठेवून नसते, सिनेमावाल्यांनी उगाच सवय लावलीय. सरकारी वकिलांनी विचारलेलं सगळं नीट सांगितलं. सही ओळखली, वाट्याही ओळखल्या. मग आरोपीचे वकील उठले. शांत माणूस.

"बेन, त्या वेळी तुमच्याजवळ लहान मूल होतं?"

"हो."

"रडत होतं?"

"मधेमधे."

"म्हणजे तुमचं लक्ष मुलीकडे होतं."

मी म्हटलं, "साहेब, मुलीकडे लक्ष ठेवून दुसरं काम करायची सवय आहे मला. रोजच करते." साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

"सगळा वेळ तुम्ही तिथेच हजर होतात?"

मंडळी, इथे 'हो' म्हटलं असतं तर मी पाच मिनिटांत मोकळी झाले असते. सरकारी वकील तेच उत्तर गृहीत धरून बसले होते. मागच्या बाकावर खालच्या वहिनी बसल्या होत्या, तीन वर्षं मंगळसूत्राची वाट बघत. आणि समोर तो मुलगा, आता चोवीसचा, दाढी वाढलेली. मला ती दुधाची बाटली आठवली. मी सांगितलं, पाच-सात मिनिटं मी वर गेले होते. परत आले तेव्हा दोन पुड्यांना सील लागलेलं होतं, उरलेल्या पुडीला माझ्यासमोर लागलं. वकिलांनी ते वाक्य सावकाश लिहून घ्यायला लावलं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "एवढं कशाला सांगायचं? कोण विचारायला येणार होतं?" मी म्हटलं, "विचारलं ना त्यांनी." परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. उधना दरवाजा येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. त्यापुढेही नाही.

नवरा म्हणाला, खरं तेच सांगितलंस. पोर सोबत असलेल्या बाईला पंच म्हणून उभं केलं, मग बाटली आणायला ती जाणारच, हे त्यांना कळायला नको? मला ते पटतं आणि पटतही नाही. खाली उतरताना बाटली घेऊन उतरले असते तर? किंवा सरळ म्हटलं असतं, पोर लहान आहे, दुसरं कुणी बघा? पण दुसरं म्हणजे कोण, गेटवरचा वॉचमन? दर वेळी घरी जे सापडतील त्यांनाच बोलावतात. म्हणजे दुकानदार, म्हातारी माणसं आणि आता आम्ही वर्क फ्रॉम होमवाल्या. पुढच्या वेळी बोलावलं तर जाईन, पण आधी शेजारच्या बेनची बेल वाजवून पोरं त्यांच्याकडे देईन आणि मगच खाली उतरेन. आणि तुमच्यावर वेळ आली तर कागद वाचा, बोट ठेवून वाचलात तरी चालेल.

निकाल अजून लागलेला नाही. वहिनी परवा विरजण मागायला आल्या होत्या. तीन आठवड्यांनी. विषय कुणीच काढला नाही. दही मात्र मी जरा जास्तच दिलं.

नणंदेने तारीख पुढे ढकलून मागितली, लगेच मिळाली. मुली सांभाळायला सासूबाई तिकडे जाणार आहेत, व्हिसा तयार आहे. त्यांनी मला विचारलं, "तुझी कोर्टाची तारीख नाही ना गं मधे? असेल तर आत्ताच सांग, तिकीट काढायचंय."