आद्याक्षरे आली, आशय मागे राहिला

खोपोलीकडून निघून सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून कुसगावला येऊन मिळणाऱ्या रस्त्याला सरकारी कागदांत ‘मिसिंग लिंक’ असे नाव आहे. लांबी सुमारे १३.३ किलोमीटर, मुंबई-पुणे अंतरात होणारी बचत सुमारे ६ किलोमीटर. एवढ्या मोठ्या कामाशी आपले नाव जोडले गेले, याचा अभिमान कुसगावने बाळगावा अशी अपेक्षा असते. मात्र रस्ता कोठून जावा, त्याचा पैसा कोठून यावा आणि वसूल झालेला पथकर कोणाच्या खिशात जावा, या तीन प्रश्नांचा निर्णय करण्याचा अधिकार कुसगावच्या ग्रामसभेला नाही आणि मावळच्या पंचायत समितीलाही नाही. तो ‘एमएसआरडीसी’चा अधिकार आहे.

मावळातील शेतकऱ्याला इंग्रजी येवो न येवो, इंग्रजी आद्याक्षरे त्याला पाठ झालेली आहेत. तळेगावच्या बाजूला जमीन गेली ती एमआयडीसीला. द्रुतगती मार्गाला गेली ती एमएसआरडीसीला. घर बांधायचे, तर नकाशा पीएमआरडीएकडे. या अक्षरांचा विस्तार काय, असे विचारले तर शंभरातील नव्वदांना सांगता येणार नाही. परंतु अक्षरे उच्चारली जाताच सातबाऱ्यावर काहीतरी व्हायचे आहे, हे त्यांतील प्रत्येकाला कळते. पूर्वी गावात मामलेदार आला की असेच कळत असे.

या महामंडळांच्या समर्थकांपाशी एक हमखास युक्तिवाद असतो. ते म्हणतात, लोकनियुक्त संस्था दिरंगाई करतात, राजकारण करतात. म्हणून विकासासाठी स्वायत्त, तज्ज्ञांच्या हाती असलेली यंत्रणा हवी. अमेरिकेने हेच केले आणि महामंदीतून देश वर काढला. दुसरीकडे डाव्या चळवळीतील काही मंडळी अमेरिकेचे नाव निघताच कान झाकून घेतात. त्यांच्या लेखी अमेरिका म्हणजे पीएल-४८०, लाल मिलो आणि सीआयए. तिच्यापासून शिकण्यासारखे काय असणार? पहिल्या मंडळींनी अमेरिकेचा इतिहास अर्धा वाचला आहे. दुसऱ्यांनी तो वाचलेलाच नाही. नुकसान दोघांमुळेही मावळच्या शेतकऱ्याचे होते.

तो इतिहास थोडक्यात असा. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, तेव्हा अमेरिकेतील दर चार कामगारांपैकी एक बेकार होता. पुढील काही वर्षांत संस्थांची एक बाराखडीच उभी राहिली. तरुणांना वनीकरणाच्या कामावर नेणारी सीसीसी, शेतमालाचे भाव सावरणारी एएए, टेनेसी नदीचे खोरे विकसित करणारी टीव्हीए, बेकारांना सार्वजनिक कामे देणारी डब्ल्यूपीए, खेड्यांत वीज नेणारी आरईए. सीसीसीत महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतील बहुतांश रक्कम थेट घरी जाई. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण तिच्या छावण्यांत राहून गेले. डब्ल्यूपीएने १९३५ ते १९४३ या काळात सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. त्यांत खडी फोडणारे होते, तसे लेखक, चित्रकार आणि नटही होते.

या साऱ्यांत भारतीय नियोजनकारांच्या डोळ्यांत भरली ती टीव्हीए. टीव्हीएतील अनुभव असलेले अभियंते व्हूर्डुइन यांनी दामोदर खोऱ्याची योजना आखली आणि १९४८ च्या कायद्याने दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन, म्हणजे डीव्हीसी, स्थापन झाली. शासनाची सत्ता आणि खासगी उद्योगाची लवचिकता असलेले वैधानिक महामंडळ, हा साचा तेव्हापासून देशाच्या अंगवळणी पडला. महाराष्ट्रात १९६२ साली एमआयडीसी, १९७० साली सिडको, १९९६ साली एमएसआरडीसी आणि २०१५ साली पीएमआरडीए आली. प्रत्येकीचे प्रयोजन वेगळे आणि कायदेशीर घडण वेगळी. एमएसआरडीसी तर शासनाच्या मालकीची कंपनीच आहे. परंतु तज्ज्ञ, स्वायत्तता आणि वेग हा मंत्र सर्वांचा एकच.

टीव्हीएकडून घेतले काय आणि टाकून दिले काय, हा खरा प्रश्न आहे.

टीव्हीए निर्माण झाली ती नदीच्या पाण्यावरील वीज खासगी कंपन्यांच्या हाती जाऊ नये म्हणून. सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. वीज विकताना नगरपालिका व सहकारी संस्था यांना अग्रक्रम द्यावा, असे कायद्यातच लिहिलेले होते. तिचे मुख्य कार्यालय वॉशिंग्टनमध्ये न ठेवता खोऱ्यातच नॉक्सव्हिल येथे ठेवले गेले. १९३८ साली तिच्या संचालकांमधील भांडण चव्हाट्यावर आले, तेव्हा अध्यक्ष आर्थर मॉर्गन यांना रूझवेल्टनी पदावरून दूर केले आणि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने संस्थेची चौकशी केली. स्वायत्तता होती, परंतु लोकप्रतिनिधींनी जाब विचारू नये इतकी ती सोवळी नव्हती. १९३९ साली टेनेसीतील मोठ्या खासगी वीज कंपनीने आपली मालमत्ता टीव्हीए आणि स्थानिक सार्वजनिक संस्थांना विकली. खासगी मालमत्ता सार्वजनिक झाली.

आता या घटनेशेजारी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ठेवून पाहावा. शासनाच्या महामंडळाने, शासनाच्या अधिकाराने संपादित केलेल्या जमिनीवर हा मार्ग बांधला. २००२ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. दोनच वर्षांनी, २००४ साली, हा मार्ग व जुना महामार्ग यांवरील पथकर वसुलीचा हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन १५ वर्षांसाठी खासगी कंपनीला देण्यात आला. ती मुदत संपल्यावर २०२० साली पुन्हा सुमारे दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटी रुपयांचा व्यवहार झाला. १९३९ साली टेनेसीत जे घडले त्याच्या नेमकी उलट ही दिशा आहे. तेथे खासगी मालमत्ता सार्वजनिक झाली. येथे सार्वजनिक मालमत्तेचे उत्पन्न खासगी ठेक्यात गेले. तरीही दाखला द्यायचा तो अमेरिकेचा!

मावळच्या दृष्टीने हा प्रकार नवा नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधले गेले. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले आणि मावळच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, तेव्हा कंपनीच्या बाजूने सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा उभा केला. पाणी डोंगराचे, जमीन मावळ्याची, वीज शहराची आणि नफा भागधारकांचा, ही वाटणी तेव्हाच ठरून गेली. स्वातंत्र्यानंतर कंपनीच्या जागी महामंडळ आले. वाटणी बदलली नाही.

टीव्हीए निर्दोष होती, असा याचा अर्थ नव्हे. नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबे उठवली गेली. जमीनमालकांना मोबदला मिळाला. कुळांच्या हाती जवळजवळ काहीच पडले नाही. धरणाशेजारी वसवलेल्या नॉरिस या आदर्श गावात कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. समाजशास्त्रज्ञ फिलिप सेल्झनिक यांनी १९४९ साली दाखवून दिले की, टीव्हीए ज्याला तळागाळातील लोकशाही म्हणत होती, ती व्यवहारात त्या भागातील सधन शेतकरी आणि प्रस्थापित कृषिसंस्था यांच्याशी केलेली तडजोड होती. संस्था खोऱ्यात आणून ठेवली म्हणजे ती आपोआप खोऱ्यातील गरिबांची होत नाही.

एएएची कथा तर अधिक बोलकी आहे. भाव वाढावेत म्हणून कापसाचे क्षेत्र कमी करायचे आणि त्याबद्दल शेतकऱ्याला पैसे द्यायचे, अशी ती योजना. धनादेश मालकाच्या नावे निघाले. पेरा कमी झाला म्हणून मालकांनी कुळांना आणि वाटेकऱ्यांना हाकलले. कुळांची बाजू घेणाऱ्या एएएमधील अधिकाऱ्यांना फेब्रुवारी १९३५ मध्ये घरी पाठवण्यात आले. परंतु त्याआधीच, जुलै १९३४ मध्ये, आर्कन्सा राज्यात अकरा गोरे आणि सात काळे अशा अठरा जणांनी एकत्र बसून दक्षिणेतील कुळांची संघटना स्थापन केली होती. तिच्या उभारणीत तेथील समाजवादी कार्यकर्ते अग्रभागी होते आणि समाजवादी नेते नॉर्मन थॉमस त्यांच्या पाठीशी होते. वर्णद्वेष ज्या भूमीत कायद्याइतका कडक होता, तेथे काळा आणि गोरा शेतमजूर एका बाकावर बसले, हे काम कोणत्याही सरकारी संस्थेने केलेले नव्हते. त्या संघटनेलाही आद्याक्षरे होती: एसटीएफयू. वरून आलेल्या अक्षरांना खालून आलेल्या अक्षरांनी दिलेले ते उत्तर होते.

महाराष्ट्राला हे उत्तर अपरिचित नाही. सिडकोने नवी मुंबई उभारताना रायगड-ठाण्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणजवळ जासईच्या परिसरात शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. आणि त्या लढ्यातूनच पुढे विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. सिडकोच्या तज्ज्ञांना हे तत्त्व १९७० साली सुचले नव्हते. मावळातही ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीविरुद्ध बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले आणि गोळीबारात तिघांचा बळी गेला. ती जलवाहिनी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेसाठी होती. महानगरपालिका लोकनियुक्त असते, हे खरे. परंतु मावळच्या शेतकऱ्याचे मत तिच्या पेटीत पडत नाही. ज्याच्या जमिनीचा निर्णय होतो त्याचे मत निर्णय घेणाऱ्याच्या पेटीत पडते का, हाच लोकशाहीचा निकष आहे.

येथे कोणी म्हणेल: मग काय रस्ते बांधू नयेत? खंडाळ्याच्या घाटात तासन् तास वाहने अडकून पडावीत, अपघात होत राहावेत? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देऊ नये. रस्ता हवा, वीज हवी, शहराला पाणीही हवे. एस.टी.ने प्रवास करणारा कष्टकरीही याच घाटातून जातो. प्रश्न रस्त्याचा नसून त्याच्या मालकीचा, हिशेबाचा आणि संमतीचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधितांची संमती या गोष्टी आणल्या होत्या. पाच वर्षांतच, २०१८ च्या दुरुस्तीने, महाराष्ट्राने आपले महामार्गविषयक व औद्योगिक विकासविषयक कायदे त्या बंधनांतून बाजूला काढले. संमतीमुळे रस्ता थांबतो, असे ज्यांना वाटते त्यांनी गोळीबारामुळे प्रकल्प किती वर्षे थांबतात, याचाही हिशेब मांडावा.

अमेरिकेच्या त्या बाराखडीतून महाराष्ट्राने उत्तम असे जे काही केले, ते मात्र कोणत्याही महामंडळाविना केले. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला, म्हणजे शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलला. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. डब्ल्यूपीएचे काम वर्षावर्षाला मंजूर होणाऱ्या निधीवर अवलंबून होते. युद्धाने बेकारी संपवली आणि १९४३ साली ती बंद झाली. महाराष्ट्राने काम हा कायदेशीर हक्क केला. रूझवेल्टच्या अमेरिकेला जे साधले नाही ते दुष्काळाने होरपळलेल्या एका राज्याने केले, आणि २००५ साली देशाला राष्ट्रीय कायदा करताना हेच उदाहरण उपयोगी पडले.

या योजनेला काचेची इमारत नव्हती, व्यवस्थापकीय संचालक नव्हता. तिचे काम तहसीलदार, कृषी खाते आणि पाटबंधारे खाते यांच्यामार्फत चाले. तीतही भ्रष्टाचार झाला, मजुरी थकली, हजेरीपट खोटे भरले गेले. परंतु मजुरांच्या संघटना मोर्चे काढून काम मागू शकल्या, कारण कायद्याने त्यांच्या हाती मागण्याचा हक्क दिला होता. महाराष्ट्रातील गरिबांनी स्वतःच्या भाषेत घडवलेली, स्वतःच्या तोंडात रुळवलेली आद्याक्षरे बहुधा एकच आहेत: रोहयो. त्यांचा विस्तार कोणत्याही खेड्यातील बाई सांगू शकते.

मावळातील कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येक महामंडळाने घेतलेली जमीन, दिलेला मोबदला, मिळवलेले उत्पन्न आणि केलेले करार यांचा हिशेब मराठीत, ग्रामसभेपुढे, दरवर्षी मांडला गेला पाहिजे. त्यांच्या संचालक मंडळांवर बाधित गावांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असले पाहिजेत. पथकराचा काही वाटा, ज्यांच्या शेतांतून रस्ता गेला त्या ग्रामपंचायतींच्या तिजोरीत गेला पाहिजे. आणि बाधितांत सातबाऱ्यावर नाव नसलेले कूळ, शेतमजूर आणि डोंगरकडेचा कातकरी व ठाकर यांचीही गणना झाली पाहिजे. टेनेसीत जी चूक झाली ती येथे पुन्हा होऊ नये.

या मागण्या कुसगावच्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडता येतात. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही. ठराव मंजूर झाला म्हणजे महामंडळ तो मानेलच असे नाही. परंतु कुसगावचे नाव नुसत्या नकाशावर न राहता प्रथमच एका प्रश्नाखाली सहीसारखे उमटेल. आर्कन्सामध्ये सुरुवात अठरा माणसांनी केली होती. कुसगावच्या ग्रामसभेची गणपूर्ती त्याहून खचितच मोठी असते.