जगबुडीनंतरचा हिशोब

सगळ्यात आधी एक खुलासा. शनिवारी रात्री लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही सहाजणी जे फासे टाकतो, तो जुगार नाही! पैसे लावलेले नसतात. (महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लावायला असतात तरी कुणाकडे?) फासे सहा, आठ, दहा आणि बारा बाजूंचे असल्यामुळे बघणाऱ्याला प्रकरण जरा जास्तच गंभीर वाटतं, एवढं मात्र खरं.

दुसरा खुलासा भाषेचा. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्लिश बोललं की आजीचा टोमणा, अशा कात्रीत वाढलेलं माझं मराठी आहे. शुद्धलेखन संपादक मंडळ बघून घेईल, मुद्दे माझे आहेत.

तर गेमचं नाव 'ट्वायलाइट: २०००'. हा 'टेबलटॉप रोल प्लेइंग गेम' आहे. म्हणजे काय, तर बुद्धिबळासारखा समोरासमोरचा सामना नाही आणि कुणी जिंकत-हरत पण नाही. एकजण सूत्रधार, गेममध्ये तिला 'रेफरी' म्हणतात. बाकीच्या एकेक पात्र घेतात. रेफरी सांगते, 'पूल तुटलाय, पलीकडे धूर दिसतोय.' मग आपण ठरवायचं, आपलं पात्र काय करेल. एखादी गोष्ट जमेल की नाही याची शंका आली की फासा टाकायचा, सहा किंवा वर पडलं की जमलं. नाटकाच्या तालमीसारखं समजा, फक्त संवाद कुणी लिहून दिलेले नाहीत.

हा गेम अमेरिकेत इलिनॉयमधल्या 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' या कंपनीने १९८४ मध्ये काढला. फ्रँक चॅडविक हा त्याचा मुख्य डिझायनर. शीतयुद्धाचे दिवस होते, त्यामुळे गोष्ट अशी रचली की युरोपात युद्ध पेटतं, १९९७ मध्ये अण्वस्त्रं पडतात आणि २००० साल उजाडेपर्यंत सरकार, पगार, वीज, डिझेल सगळं संपलेलं असतं. पोलंडमधल्या कालिश शहराजवळ एका अमेरिकन डिव्हिजनचा धुव्वा उडतो आणि उरलेल्यांना हेडक्वार्टरचा शेवटचा निरोप येतो, त्याचा अर्थ एवढाच की आता तुमचं तुम्ही बघा. इथून खेळ सुरू! पुढे १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि गेमचा इतिहास खोटा ठरला, म्हणून १९९० च्या आवृत्तीत तो बदलावा लागला. कंपनीही १९९६ मध्ये बंद पडली. आम्ही खेळतो ती चौथी आवृत्ती स्वीडनच्या 'फ्री लीग'ने २०२१ मध्ये आणली. तिच्यात १९९१ चं मॉस्कोचं बंड यशस्वी होतं, तिथपासून इतिहासाला फाटा फुटतो.

आता माझा मुद्दा. या गेमबद्दल कायम एक तक्रार ऐकू येते, की फार किचकट आहे. नकाशावर षटकोन, प्रत्येक षटकोन दहा किलोमीटरचा. दिवसाचे चार भाग, प्रत्येक भागात एक काम. चालायचं, की शिकार, की गाडीची दुरुस्ती, की पहारा, की झोप? अन्न मोजायचं, पाणी मोजायचं, इंधन लिटरमध्ये मोजायचं, किरणोत्सर्ग किती लागला तेही लिहून ठेवायचं. आमच्या ग्रुपमध्येही दुसऱ्याच शनिवारी ठराव आला, की हा सगळा हिशोब काढून टाकू आणि फक्त 'स्टोरी' खेळू. मी विरोध केला आणि अजूनही माझा विरोध कायम आहे.

किचकटपणाचं मी आंधळं समर्थन करत नाहीये हं. १९८१ मध्ये 'आफ्टरमॅथ!' नावाचा याच जातीचा एक गेम आला होता. त्यात मारामारी समजावून सांगायला फ्लोचार्ट दिलेत! आपण पहिल्या वर्षाला सी लँग्वेजमध्ये काढायचो तसे. एक गोळी कुठे लागली हे ठरेपर्यंत चहा थंड होतो. आमच्याही गेममधली बंदुकांची पानं मी सरळ उलटून पुढे जाते. कुठल्या रायफलची रेंज किती याने मला काही फरक पडत नाही. पण पोटाचा आणि इंधनाचा हिशोब काढला, तर गेममध्ये उरतं काय?

एक उदाहरण देते. आमची पाच पात्रं म्हणजे एक नर्स, एक मेकॅनिक, एक पळून आलेला सैनिक, एक शाळामास्तर आणि बारा वर्षांचा एक मुलगा. सगळी पोलिश. (या आवृत्तीत अमेरिकनच व्हायला पाहिजे असं नाही.) ट्रक पेट्रोलचा, टाकी रिकामी. एका खेड्यात म्हातारा-म्हातारीच्या कोठारात शंभर किलो राय सापडली. राय म्हणजे मोहरी नव्हे, तिकडचं गव्हासारखं धान्य. आणि गेममध्ये दारूची भट्टी लावून अल्कोहोलवर गाडी चालवता येते. त्यासाठी इंजिनं बदलून घेतलीत असं धरून चालायचं. इथे आमची मेकॅनिकलवाली लगेच उसळली, की डिझेल इंजिनात नुसतं इथेनॉल ओतून चालत नाही, सीटेन नंबर फार कमी! म्हणून ट्रक मुद्दाम पेट्रोलचा घेतला.

मग वही उघडली. शंभर किलो धान्यातून कागदावर ३५ लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, गावठी भट्टीत ३० धरा. लिटरमागे पेट्रोलची ऊर्जा साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलची २१. म्हणजे पेट्रोलवर चार किलोमीटर देणारा ट्रक इथे अडीचच्या थोडा वर देणार. एकूण ऐंशी किलोमीटरसुद्धा नाही, जेमतेम आठ षटकोन. आम्हाला गाठायचं होतं क्राकूफ, कालिशपासून सरळ रेषेतच सव्वादोनशेच्या वर. दुसऱ्या बाजूला तीच राय माणशी रोज अर्धा किलो खाल्ली, तर पाचजणांना चाळीस दिवस पुरते. पोट भरत नाही, पण माणूस जगतो. आणि तिसरी बाजू रेफरीने म्हातारीच्या तोंडून सांगितली. ते बियाणं होतं. राय शरद ऋतूत पेरतात. ती आम्ही नेली तर पुढच्या उन्हाळ्यात त्या घरात काहीच नाही.

दोन तास भांडलो! एकही गोळी झाडली गेली नाही. मास्तर म्हणत होता, म्हातारी माणसं तशीही हिवाळा काढणार नाहीत. (हे वाक्य बोलणारी मुलगी एरवी मेसमधल्या मांजरीसाठी दूध चोरते.) सैनिकाचं पात्र करणारी मुलगी बीडकडची, घरी कोरडवाहू शेती. तिच्या हातात बंदूक होती, तिने नेलं असतं तर आम्ही कुणी अडवू शकलो नसतो. ती म्हणाली, 'बियाण्याला हात लावायचा नाही. बी खाल्लं की गाव उठतं. मला माहितीये.' त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मेकॅनिकने म्हाताऱ्याचा पंप दुरुस्त करून दिला, बदल्यात वीस किलो मिळाली, ट्रक तिथेच सोडला आणि आम्ही चालत निघालो. शाळामास्तर आणि सैनिक रविवारी नाश्त्याला वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते.

आता सांगा, नियमात नुसतं 'इंधन आहे / नाही' एवढंच असतं, तर हे भांडण झालं असतं का? ठरलं असतं की आपण चांगले लोक आहोत, म्हणून आपण राय घेणार नाही. टाळ्या, पुढचा सीन! चाळीस दिवस हा आकडा वहीत लिहिलेला होता म्हणून चांगलं वागणं महाग पडलं.

आणि हे आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर काही काळ निर्बंध आणले होते. खायचं की जाळायचं, तोच प्रश्न, फक्त आकडे लाखो टनांचे.

गेमचा एक दोष मात्र मला खटकतो. मूळ रचनेत पोलंड ही 'जागा' आहे, तिथली माणसं म्हणजे मागचा पडदा. अमेरिकन सैनिक येणार, लढणार, जमलं तर घरी जाणार. १९८६ च्या एका पुस्तकाचं नावच 'गोइंग होम' आहे! ज्यांचं घर तिथेच आहे त्यांनी कुठे जायचं? खऱ्या कालिशने तर आपली जगबुडी आधीच बघितलीये, १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने तोफा डागून आणि आगी लावून ते शहर उद्ध्वस्त केलं. म्हणूनच पोलिश लोकांनी स्वतः असा गेम केला तेव्हा तो वेगळा झाला. वॉर्सातल्या '११ बिट स्टुडिओज'चा 'धिस वॉर ऑफ माइन' हा २०१४ चा कॉम्प्युटर गेम सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यात आपण सैनिक नसतोच, पडक्या घरात लपलेले साधे लोक असतो. औषध कुणाला द्यायचं, एवढाच प्रश्न. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतल्याचं जाहीर केलं. गेम, वाचनाच्या यादीत!

हे मी एका सरांना सांगितलं. त्यांचा आक्षेप जुगाराचा नव्हता. ते म्हणाले, 'तुमच्या वयात एवढं निगेटिव्ह कशाला? जग संपल्यावरचे खेळ कसले खेळता?' सर, मनापासून आदर ठेवून सांगते, हा जग संपल्यावरचा खेळ नाहीच. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि लाखो माणसं सीमा ओलांडून याच पोलंडमध्ये आली, बायका-मुलंच जास्त. त्यांच्याकडे नुसती पिशवी होती, आणि पिशवीत काय घ्यायचं हे कुणीतरी ठरवलेलं होतं.

आमच्या ग्रुपमधल्या कोल्हापूरच्या मुलीने यात अजून एक भर घातली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेले पोलिश लोक, इराणमार्गे फिरत फिरत, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पमध्ये येऊन राहिले होते, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं! शाळा, चर्च, सगळं उभं केलं होतं. ते गेल्यावर फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं त्याच जागेत आली. आजचं कापडाच्या बाजाराचं गांधीनगर ते हेच. आम्ही पाचजणी महाराष्ट्रातच वाढलेल्या, पण कुणालाच हे माहिती नव्हतं.

तर पुढच्या सेमिस्टरला आम्ही ट्वायलाइटचे नियम घेऊन वळिवडे खेळणार आहोत. बंदुकांची पानं पूर्ण रद्द. पात्रं म्हणजे दोन आया, एक तापाने फणफणलेली मुलगी, एक शिक्षिका आणि कॅम्पला दूध घालायला येणारा इथला एक माणूस, ज्याला त्यांची भाषा येत नाही. रेफरी अर्थातच कोल्हापूरची. तिने रेशनचा तक्ता तयार केलाय, तापाचे नियम अजून व्हायचेत. मेडिकलला कुणाची बहीण असेल तर कळवा.