लॅपटॉप तुमचा, पण खातं कुणाचं? विंडोज ११ टाकल्यावर 'फाइंड माय डिव्हाइस' असं तपासा

दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडं मलकापूरला गेलो होतो. शाहूवाडी तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. मावसबहीण इथून रोज एसटीनं कोल्हापूरला कॉलेजला जाते आणि पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप असतो. नुकताच त्यावर दुकानातून विंडोज ११ टाकून आणला होता. हरवला तर सापडेल का, हे बघायला तिनं फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन केलं आणि मला हाक मारली, "दादा, यात माझा लॅपटॉपच दिसंना!"

मला वाटलं, एखादं बटण बंद असेल. पाच मिनिटांचं काम. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'युअर इन्फो' उघडलं, तर तिथं भलताच ईमेल पत्ता होता. तो दुकानदाराचा निघाला.

हे का होतंय?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला. वर्षभर जादा सुरक्षा अपडेट घ्यायची सोय दिली गेली, पण बऱ्याच जणांनी सरळ दुकान गाठलं. आता दोन गोष्टींत फरक करा. विंडोज १०वरून रीतसर अपडेट केलं, तर तुमचं खातं, फाइल्स आणि बहुतेक सेटिंग्ज तशाच राहतात. दुकानात मात्र बहुतेक वेळा फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकतात. तेव्हा सगळं शून्यापासून सुरू होतं.

विंडोज ११ सेटअप करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. गिऱ्हाईक समोर नसतं, त्याचा पासवर्ड माहीत नसतो. मग दुकानदाराकडं दोन वाटा उरतात. एक, खात्याची अट टाळून लोकल अकाउंट बनवायचं. रुफससारख्या टूलनं पेनड्राइव्ह बनवताना ही अट आणि प्रायव्हसीचे प्रश्न दोन्ही वगळता येतात. त्या प्रश्नांतच 'फाइंड माय डिव्हाइस' चालू करायचं का, हेही विचारलेलं असतं. दोन, स्वतःचंच खातं टाकून मोकळं व्हायचं. आमच्याकडं हेच झालं होतं.

यात दुकानदाराचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण परिणाम बघा. लॅपटॉप कुठं आहे हे विचारायचा आणि तो लांबून लॉक करायचा अधिकार त्या खात्याकडं जातो. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची प्रतही तिथंच जाते. डिस्क एन्क्रिप्ट झाली असेल, तर ती उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात साठते. म्हणजे लॅपटॉप बहिणीच्या बॅगेत आणि किल्ल्या दुकानात!

दुरुस्ती कशी केली

आधी सगळ्या महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या. ही पायरी गाळू नका. वनड्राइव्हमधल्या काही फाइल्स फक्त ऑनलाइन असू शकतात, आणि खातं तोडलं की त्या हाताशी राहत नाहीत. मग वनड्राइव्हमधून तो पत्ता अनलिंक केला.

त्यानंतर 'युअर इन्फो'मध्ये जाऊन खातं आधी लोकल केलं आणि मग तिचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं. असं केल्यावर डेस्कटॉप आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहिलंय ना, तेही बघितलं. लोकल खात्यावर किंवा कॉलेज-ऑफिसच्या खात्यावर ही शोधायची सोय चालत नाही.

पुढं 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'लोकेशन' चालू केलं आणि मग 'फाइंड माय डिव्हाइस'. हा क्रम महत्त्वाचा आहे. लोकेशन बंद असेल तर दुसरं बटण चालू होऊनही उपयोग नाही. बटण करडं दिसत असेल आणि सेटिंग संस्थेच्या ताब्यात आहे असा मजकूर येत असेल, तर विंडोज 'हलकं' करायला कुणीतरी चालवलेली स्क्रिप्ट हे कारण असू शकतं.

शेवटी 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे नवी रिकव्हरी की तयार होऊन तिच्या खात्यात गेली. याला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. ती की कागदावरही लिहून घरी ठेवायला सांगितली. की हरवली तर चोरासारखेच तुम्हीही बाहेर राहाल. काही जुन्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. तिथं निदान फाइल्सचा बॅकअप आणि मजबूत पासवर्ड एवढं तरी हवं.

मग लॅपटॉप पुण्यात कसा?

सगळं झाल्यावर तिनं फोनवर 'फाइंड' दाबलं. टिंब उमटलं पुण्यात! लॅपटॉप आमच्या समोर, चिवड्याच्या डब्याशेजारी.

हा बिघाड नव्हता. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतं. आजूबाजूला कोणते वायफाय राउटर दिसतात, ते बघून तो जागा ओळखतो, कारण कुठला राउटर कुठं आहे याची यादी कंपन्यांकडं असते. शहरात एका इमारतीत वीस राउटर दिसतात, त्यामुळं अंदाज बरोबर येतो. आंब्याकडच्या वाडीवस्तीवर शेजारचं घरच हाकेच्या अंतरावर असतं, तिथं राउटर कुठून दिसणार? त्यात इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवरचं. हॉटस्पॉट तुमच्याबरोबर फिरतो, म्हणून तो त्या यादीत धरला जात नाही. मग उरतो फक्त आयपी पत्ता, आणि तो मोबाइल कंपनीचं नेटवर्क जिथं बाहेरच्या इंटरनेटला जोडलंय तिथला दिसू शकतो. दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या बाजारपेठेत, आजूबाजूला चारदोन वायफाय असताना पुन्हा बघितलं, तर टिंब गावातच आलं.

तेव्हा नकाशातल्या टिंबाभोवतीचं वर्तुळ बघायला शिका. वर्तुळ मोठं असेल तर तो फक्त अंदाज आहे. त्याच्या भरवशावर कुणाच्या दारात जाऊन भांडू नका.

ही सोय कुठवर पुरते?

विंडोज लॅपटॉप सापडायला तो चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. अ‍ॅपलची उपकरणं ऑफलाइन असली तरी जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या आयफोनमार्फत आपला ठावठिकाणा कळवू शकतात. अँड्रॉइड फोनसाठी गुगलनंही २०२४पासून असं जाळं आणलं. विंडोजकडं ते नाही. घरगुती विंडोजमध्ये लांबून डेटा पुसायचीही सोय नाही, फक्त लॉक करता येतं. चोरानं फॉरमॅट मारला की टिंब संपलं. म्हणून मी एन्क्रिप्शनला जास्त महत्त्व देतो. मशीन गेलं तरी आधार कार्डाचे स्कॅन, फोटो आणि प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हाती लागत नाही.

संचार साथीवर तक्रार करून लॅपटॉप ब्लॉक होईल, असंही काहींना वाटतं. ती सोय आयएमईआय नंबरवर चालते, आणि सिम न लागणाऱ्या लॅपटॉपला तो नंबरच नसतो. लॅपटॉपसाठी बिल आणि मागच्या बाजूचा सिरियल नंबर यांचा फोटो आजच काढून ठेवा. बस मलकापूरहून कोल्हापूरला जाताना बॅग नेमकी कुठल्या हद्दीत गेली हे कळलं नाही, तरी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो.

खरा प्रश्न

त्या दिवाळीनंतर काही आठवड्यांतच देशात मोठा वाद झाला. प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीच टाकून द्या, असा केंद्राच्या दूरसंचार विभागाचा २८ नोव्हेंबर २०२५चा आदेश होता. पाळत ठेवली जाईल अशी टीका झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली. प्रश्न रास्तच होता: माझ्या उपकरणाचा ताबा कुणाकडं?

तोच प्रश्न आपण कोपऱ्यावरच्या दुकानात विचारत नाही. फॉरमॅटला टाकताना एवढंच सांगा, "सेटअप माझ्यासमोर करा, खातं मी टाकतो." दहा मिनिटं थांबावं लागेल, थांबा.

आमच्या दुकानदाराला फोन केला, तेव्हा त्यानं लगेच आपल्या खात्यातून बहिणीचा लॅपटॉप काढून टाकला. आणि मग जरा ओशाळून म्हणाला, "यादीत अजून लई जणांचे आहेत की हो."