लॅपटॉप अडवू नका, तपासून जोडा

प्रति,
मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर

विषय : भंडारा जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांच्या नेटवर्कमध्ये विद्यार्थ्यांच्या संगणकांतून होणारा व्हायरसचा प्रसार रोखण्याबाबत

महोदय,

तुमसर, पवनी, साकोली वा लाखांदूरच्या विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट घरच्या लॅपटॉपवर तयार होतो, झेरॉक्सच्या दुकानात छापला जातो आणि त्याच पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये पोहोचतो. वाटेत कुठेतरी व्हायरस चिकटतो, फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर संगणक अडतात. अशा वेळी पेनड्राइव्हबंदीची सूचना लावून भागत नाही, असे निवेदनकर्त्यांचे ठाम मत आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा वर्म पसरला, तेव्हा अमेरिकेतील विद्यार्थी सुट्टी संपवून वसतिगृहांत परतत होते. त्याला रोखणारा अपडेट जुलैतच निघाला होता. तो असंख्य लॅपटॉपवर चढलाच नव्हता. अनेक विद्यापीठांनी मग अपडेटच्या सीडी वाटल्या. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ हा वर्म आला, तेव्हाही अपडेट मार्चपासून उपलब्ध होता.

असे अपडेट मोठे असतात. मोबाइलच्या मोजक्या डेटावर चालणारा गावचा विद्यार्थी ते पुढे ढकलतो, यात बेफिकिरीपेक्षा अडचण अधिक. म्हणून मुख्य मागणी अशी की, वाय-फायला प्रथमच जोडलेला लॅपटॉप वेगळा ठेवावा, तिथे त्याला फक्त अपडेट आणि अँटिव्हायरस उतरवता यावेत आणि तपासणीनंतरच पुढची वाट खुली व्हावी. खर्चाची सबब इथे टिकत नाही : केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधने २०१७ पासून मोफत मिळतात.

महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जांची पडताळणी ज्या कार्यालयीन संगणकांवर होते, त्यांचे नेटवर्क विद्यार्थ्यांच्या वाय-फायपासून पूर्ण वेगळे करावे. वाय-फायवरील दोन लॅपटॉपही एकमेकांना थेट जोडले जाऊ नयेत. वॉनाक्राय फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधूनच एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला होता.

पेनड्राइव्ह तपासण्यासाठी प्रत्येक लॅबबाहेर नेटवर्कला न जोडलेला एक संगणक असावा. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लॅबमधील अशा संगणकांची मोजणी करून ते नव्या आवृत्तीवर वा लिनक्सवर न्यावेत.

ज्याच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस सापडेल, त्याला दंड करू नये वा त्याचे प्रात्यक्षिकाचे गुण कापू नयेत. शिक्षेची भीती असली की विद्यार्थी लॅपटॉप दाखवतच नाहीत.

याबाबतचे परिपत्रक पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी काढावे आणि लॅब सहायकांचे प्रशिक्षण भंडाऱ्यातच घ्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी, पालक व प्राध्यापक