सून वेगळी राहायला गेली, मीच पाठवली



परवा देरासरातून बाहेर पडताना एकीने विचारलंच, "काय हो, मुलगा-सून वेगळे निघाले म्हणे?" म्हटलं, निघाले नाहीत, मी पाठवले. तिचा चेहरा बघून वाटलं, हे एकदा सविस्तर लिहावं. आपल्या घरांतल्या मुली आता विमानात नोकरी करतात, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याकडेही येईल.

माझी सून केबिन क्रू आहे, ड्युटी मुंबईच्या टर्मिनल दोनवरून. आम्ही कॅम्प १ मध्ये, शहाड स्टेशन जवळ. लग्न झालं तेव्हा मीच म्हणाले होते, "एवढं घर असताना भाडं कशाला?" बी.कॉम. झालेली बाई मी, पण हिशेब चुकला. मी फक्त भाडं मोजलं, झोप मोजली नाही.

दिवसा ठीक असतं. कल्याणहून जलद लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मग भुयारी मेट्रोचं एकच स्टेशन. पण रिपोर्टिंग पहाटे चारचं असेल तर? मध्यरात्रीनंतर ना लोकल, ना मेट्रो. कंपनीची गाडी ठरावीक अंतरातच घ्यायला येते, आपण त्या हद्दीच्या कितीतरी बाहेर. मग दीड वाजता भाड्याची गाडी करायची, दुर्गाडीचा पूल, भिवंडी बायपास, ठाणे. एका रात्री ड्रायव्हरने ऐन वेळी नकार दिला. दुसरी गाडी मिळेपर्यंत ती युनिफॉर्ममध्ये बॅग घेऊन गेटवर, शेजारी माझे मिस्टर स्वेटर घालून उभे. उशीर झाला, विमान तिच्याशिवाय गेलं, वर लेखी खुलासा द्यावा लागला. ती एक शब्द बोलली नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. मुलगा अंबरनाथ एमआयडीसीत, वेळ साडेनऊची, वर्षभर तीच. हिचा रोस्टर दर आठवड्याला वेगळा, स्टँडबाय असेल तर फोन येताच निघायचं. मग रोजचा प्रवास कोणी करायचा? ज्याची वेळ ठरलेली आहे त्याने. शिवाय सकाळी सगळी मुंबई सीएसएमटीकडे धावते तेव्हा कर्जतकडे येणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. बाईने नवऱ्याच्या नोकरीजवळ राहायचं हे आपण गृहीत धरतो, उलटंही चालतं हे सुचतच नाही.

जागा बघताना अंधेरी, मरोळ बघितलं. तिच्या मैत्रिणी तिथे चौघी मिळून राहतात, पण एका स्वयंपाकघरात चार तऱ्हा, हिला ते जमेना. शेवटी घाटकोपर पूर्व ठरलं. मुलाला सेंट्रलची लोकल, हिला पिकअपची हद्द, आणि देरासर चालत. पश्चिमेला असल्फ्याच्या बाजूला भाडं बरं वाटलं होतं, पण उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. रात्रभर काम करून दिवसा झोपणारीला ते कसं परवडेल? तेव्हा जागा बघायला जाल तर दुपारी तासभर बसून बघा. वॉचमन रात्री जागा असतो का, तेही विचारा.

विकत घ्यायचा मुलाचा विचार होता, तो मी मोडला. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. उद्या हिची ड्युटी तिकडे गेली तर वीस वर्षांचं कर्ज घाटकोपरला आणि सून पनवेलला! अकरा महिन्यांचा करार बरा. (आपल्या जवळ नेवाळीलाही दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, आपला कॅम्पही त्याच युद्धातला. पण तिथून काही विमान उडत नाही, नाहीतर मी सुनेला रोज चालत सोडलं असतं.)

चौविहाराचं काय, असंही विचारतात. घरी असते तेव्हा पाळते. दुबईला जाताना सूर्य पुढेच राहतो म्हणते, सूर्यास्त कुठला धरायचा ते महाराजसाहेबांनाच विचारणार आहे.

डिपॉझिटमध्ये थोडे पैसे मी माझ्या एफडीतून घातले. गेल्या रविवारी दोघं आले होते. सुनेने जेवून खाखऱ्याचा डबा भरून घेतला आणि दुपारी माझ्या खोलीत चार तास झोपली. मी फोन सायलेंटवर टाकला.