माशाचे अंथरूण

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण माणसांसाठी आहे. आपण मात्र ती माशांनाही लावून टाकली आहे. "मासा पेटीएवढाच वाढतो," असे रंगीत मासे विकणारा सांगतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होऊन मासे घरी नेते. हे वाक्य अर्धवट खरे आहे आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे, असे माझे मत आहे.

क्लाऊन लोच या माशाचेच उदाहरण घेऊ. नारिंगी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, तोंडाशी मिशा. हा मूळचा सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील नद्यांमधला. दुकानात तो जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो. पूर्ण वाढला म्हणजे तीस सेंटिमीटर, अगदी शाळेतल्या फूटपट्टीएवढा होऊ शकतो. नीट सांभाळला तर वीस वर्षेही जगतो. शिवाय त्याला एकटे राहणे मानवत नाही, पाच-सहा सोबती लागतात. घरच्या पेटीत मात्र तो बहुधा पंधरा-वीस सेंटिमीटरवरच थांबतो. मग आपण म्हणतो, पाहा, पेटीएवढाच वाढला!

वस्तुतः हा मासा मुळातच सावकाश वाढणारा. त्यात थोड्या पाण्यात त्याच्याच मलमूत्रातून होणारा अमोनिया आणि पुढे नायट्रेट साचत जाते, गर्दी होते आणि वाढ खुंटते. या कुचंबणेला आपण माशाचा समजूतदारपणा समजतो.

आता हिशेब मांडू. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. पाच-सहा मोठ्या लोचांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटी हवी. तीत सुमारे ६८० लिटर पाणी लागेल. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचे तर १७० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अकरा हंडे! आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात कित्येक गावे टँकरची वाट पाहतात. आमच्या घरी पाणी आईच्या डोक्यावरून येते. अकरा हंडे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, मग लहान जातीचा लोच पाळावा. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत बोटिया स्ट्रायाटा हा बोटभर लांबीचा पट्टेदार लोच आहे. पण तो जगात इतरत्र कोठेही नाही आणि आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली आहे. हौसेसाठी त्यालाही नदीतून उपसणे बरे नव्हे. पेटी अपुरी पडली म्हणून परदेशी मासा पैनगंगेत सोडून देणे तर त्याहून वाईट. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे, तो पाळणाऱ्यांनी असा सोडून दिल्यामुळेच.

हौस करू नये, असे माझे म्हणणे नाही. गप्पी लहान पेटीतही सुखाने राहतात. मागणी एवढीच की, दुकानात माशाच्या किमतीशेजारी त्याची पूर्ण वाढीची लांबी लिहिलेली असावी. ती लिहिलेली नसेल, तर आपण विचारावी. आणि उत्तर 'पेटीएवढीच' असे आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.