दुबईत आलेल्या भागीदारास काय दाखवावे?

भिवंडी, मालेगाव किंवा सुरतेहून भागीदार मंडळी दुबईत आली की त्यांचा कार्यक्रम जणू छापलेलाच असतो. पहिल्या दिवशी बुर्ज खलिफा, दुसऱ्या दिवशी वाळवंटात जीपची सफर, तिसऱ्या दिवशी सोन्याचा बाजार आणि मॉल, चौथ्या दिवशी खजुराचे डबे घेऊन विमानतळ. ज्या धंद्यात पाहुण्याची रक्कम गुंतली आहे तो धंदा पाहण्यास या चार दिवसांत जेमतेम एक तास मिळतो, आणि तोही चहापाण्यात जातो. लोक यास मेहमाननवाजी म्हणतात. आमच्या मते ही मेहमाननवाजी नव्हे, पाहुण्याच्या डोळ्यांवर बांधलेली रेशमी पट्टी आहे.

आम्ही मालेगावचे. देरा भागात आमचे कापडाचे लहानसे दुकान आहे आणि दर हिवाळ्यात देशातून कोणी ना कोणी भागीदार येतोच. त्यास आम्ही पहिल्या सकाळी बर दुबईच्या कापडबाजारात नेतो. तेथे रंगीत दुपट्टे टांगलेले असतात, पर्यटक घासाघीस करतात. पाहुणा खूश होतो. मग आब्रा नावाच्या लाकडी होडीत बसून खाडी ओलांडावयाची. भाडे जेमतेम दिरहमभर. पलीकडे देराच्या धक्क्यावर लाँच उभ्या असतात आणि काठावर टायर, फ्रिज, तांदळाची पोती, कापडाच्या गाठी यांचा ढीग असतो. कोणती लाँच इराणला जाणार, कोणती सोमालियाला, हे खलाशांस विचारावे. घाऊक व्यापाराचा मुर्शिद बाजार तेथून जवळच आहे. आपले कापड दुबईचा माणूस नेसत नाही, दुबई ही मधली पेढी आहे आणि खरे गिऱ्हाईक समुद्रापलीकडे आहे, ही गोष्ट फोनवर शंभर वेळा सांगून समजत नाही. धक्क्यावर अर्धा तास उभे राहिले की समजते.

(येथे पाहुण्यास आम्ही एक गोष्ट हटकून सांगतो. १९६६ पर्यंत या बाजारात रुपया चालत असे. ऐकणाऱ्याची छाती फुगते. मग दिरहमचा आजचा भाव सांगितला की ती जागेवर येते.)

दुसरा दिवस दुकानात. पाहुण्याने गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसावे आणि काही बोलू नये. पूर्व आफ्रिकेची बाई कांगा घेण्यास येते. कांगा जोडीने विकला जातो, चारही बाजूंस किनार असते आणि खाली स्वाहिली भाषेत एक वाक्य छापलेले असते. ते वाक्य मनास आले नाही तर रंग कितीही सुंदर असो, बाई तागा बाजूस सारते. सुदानचा व्यापारी वेगळा. तो आधी पन्हा मोजतो, मग सूत ओढून पाहतो. आमच्याकडे आलेल्या एका यंत्रमागवाल्या भागीदाराने दिवसभर हे पाहिले आणि रात्री घरी फोन करून पुढच्या लॉटचा पन्हा बदलावयास सांगितला. तीन वर्षे पत्रांनी जे झाले नाही ते एका दिवसात झाले.

त्यानंतर गोदाम. तेथे आम्ही पडून राहिलेला माल आधी दाखवतो, खपलेला मागाहून. चीनच्या शाओशिंगजवळ केचियाओ म्हणून कापडाची अफाट बाजारपेठ आहे. तेथला माल शेजारच्या गोदामात आपल्यापेक्षा कमी भावाने लागलेला असतो. दोन्ही कापडे पाहुण्याच्या हातात द्यावी. नफा का घटला याचे उत्तर त्यास बोटांनी मिळते.

दुपारी बाजारात सामसूम असते. ती वेळ वहीखात्याची. आणि आम्हांस मुख्यतः जे लिहावयाचे आहे ते येथेच आहे.

पाहुण्याने तीन वस्तू मागून घ्याव्यात: उधारीची वही, पुढील तारखांच्या चेकांचा खण आणि व्यापाराचा परवाना. चेकांविषयी आपल्या मंडळींची समजूत अजून जुनीच आहे. चेक परत गेला की देणारा तुरुंगात, म्हणून चेक म्हणजे सोने, असे ते समजतात. २ जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला. खात्यात पैसे नाहीत एवढ्यासाठी आता फौजदारी होत नाही, फसवणुकीचे प्रकार तेवढे त्यात राहिले. चेकवाल्यास थेट अंमलबजावणीच्या न्यायालयात जाता येते, हे खरे. पण ज्याच्याजवळ काही उरलेच नाही त्याच्याकडून न्यायालय काय काढणार? म्हणून चेक कोणाचा आहे, हे पाहावे.

परवान्याचे तर त्याहून नाजूक. पूर्वी शहरातल्या कंपनीत निदान ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवावा लागे. त्यामुळे देशातल्या भागीदाराचे नाव कागदावर नसणे चालून जाई, सर्व काही जबानीवर. १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत ही अट राहिली नाही, तरी जुनी सवय राहिली आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, म्हणून परवान्यावरची अरबी अक्षरे आम्हांस परकी वाटत नाहीत. कित्येक पाहुण्यांस आम्ही बोट ठेवून दाखवले आहे की, शेठ, यात तुमचे नाव नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा येथला भागीदार अचानक वारला. बँकेने खाते गोठवले आणि वारसांनी विचारले, तुमचा हिस्सा कोठे लिहिला आहे? ते गृहस्थ पाच वेळा दुबईस आले होते. बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटर उंचीचे वर्णन ते फार छान करीत.

काही यजमान म्हणतील की वही पुढे करणे म्हणजे पाहुण्याने अविश्वास दाखविला असे होईल. त्याने मागितली तर तसे वाटेल, म्हणूनच त्याने मागण्याअगोदर आपण पुढे करावी. आपल्याकडे भागीदार म्हणजे बहुधा साडू, मेहुणा नाहीतर चुलतभाऊ. बिर्याणीच्या ताटावर बसून "भाईजान, जरा खाते दाखवा" असे म्हणण्यास त्याची जीभ रेटत नाही. ही लाज दूर करणे यजमानाचे काम आहे.

यावयाचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी यावे. जुलै-ऑगस्टच्या उन्हात धक्काही पाहवत नाही आणि गोदामही. बुर्ज खलिफाही आम्ही दाखवतो, शेवटच्या संध्याकाळी, खालून. वर जाण्याचे तिकीट ज्यास हवे त्याने आपल्या खिशातून काढावे, दुकानाच्या खर्चात ते लिहिले जात नाही.